खानापूर रोडवरच्या इमारतीची गळती शोधताना

बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेच्या दिशेने निघालं की खानापूर रोडच्या दोन्ही बाजूंना व्यापारी संकुलं लागतात. त्यांतल्या एका इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. तळमजल्यावर दुकानं आणि बँकेची शाखा, पहिल्या मजल्यावर तपासणी लॅब आणि क्लास, वरचे दोन्ही मजले एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसला भाड्याने. इमारत जुनी, पण बांधणी भक्कम. तिची सगळी देखभाल आम्ही कागदावरून सॉफ्टवेअरवर आणली आणि त्यातून वीज, पाणी, डिझेल, गॅस यांची जी गळती सापडली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. निपाणी, चिकोडी, गोकाक, खानापूर, सगळीकडे आता अशा इमारती आहेत आणि त्या सांभाळणाऱ्यांना या विषयावर आपल्या भाषेत वाचायला फारसं मिळत नाही.

सुरुवात झाली ती वरच्या मजल्यांच्या भाडेकरूंकडून आलेल्या एका प्रश्नावलीने. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणं बंधनकारक केलं आहे. त्याला बीआरएसआर म्हणतात. या कंपनीच्या मुख्य ऑफिसला त्यासाठी प्रत्येक शाखेचे आकडे हवे होते. वीज किती युनिट, जनरेटरला डिझेल किती लिटर, पाणी किती, एसीत गॅस किती भरला, जुन्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट कुठे गेल्या. प्रश्न रास्त होते. आमच्याकडे उत्तरंही होती, पण चार ठिकाणी. तक्रारीची वही वॉचमनच्या टेबलावर, एसीवाल्याच्या पावत्या एका डब्यात, डिझेलची बिलं अकाउंटच्या फाइलमध्ये, हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, बिलं दुसऱ्या फाइलमध्ये. वहीत लिहिलेलं ‘दुसरा मजला, एसी बंद’ आणि पावतीवरचं ‘गॅस भरला’ हे एकाच यंत्राबद्दल आहे की नाही, ते सांगायला कुणाचीतरी स्मरणशक्तीच लागायची.

सॉफ्टवेअर निवडताना आम्ही बऱ्याच कंपन्यांची प्रात्यक्षिकं पाहिली. पडद्यावर सगळीच छान दिसतात. रंगीत आलेख, हिरवी पानं, कार्बनचं वर्तुळ. मी मात्र सगळ्यांना तेच प्रश्न विचारत गेलो. आमच्या तळघरात मोबाइलला रेंज नाही, तिथे नोंद करता येईल का आणि वर आल्यावर ती आपोआप चढेल का? पडदा कन्नड आणि मराठीत दिसेल का? माणसं वाढली की दर माणशी पैसे वाढणार का? आणि उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर आमच्या नोंदी आम्हाला साध्या एक्सेल फाइलमध्ये परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नाला काहींनी सरळ उत्तर दिलं नाही, त्यांना आम्ही तिथेच थांबवलं. इमारत तीस-चाळीस वर्षं टिकते, सॉफ्टवेअर कंपनी टिकेलच असं नाही. इमारतीचा इतिहास इमारतीच्या मालकाकडेच राहिला पाहिजे, याबाबत मी आजही तडजोड करणार नाही.

मग यंत्रांची यादी करायला घेतली. हे काम कंटाळवाणं, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं. इलेक्ट्रिशियन मामा, प्लंबर अण्णा आणि मी तळघरापासून गच्चीपर्यंत फिरलो. पंप, मोटारी, पॅनल, लिफ्ट, जनरेटर, प्रत्येक एसीचं आतलं आणि बाहेरचं युनिट. नेमप्लेट पुसून फोटो काढायचा, क्षमता, बसवल्याचं साल, स्टार किती, गॅस कोणता ते लिहायचं. काही प्लेटा इतक्या गंजलेल्या होत्या, की मामांनी त्यावर खडू घासून अक्षरं वर आणली. प्रत्येक यंत्राला क्यूआर कोड लावायचा होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेली कागदी स्टिकरं बेळगावच्या पावसाळ्यात गच्चीवर टिकेनात. जुलैच्या झडीत एकेक सुटून गटारीला लागलं. मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर कोड कोरून घेतले आणि तारेने बांधले. त्या अजून जागच्या जागी आहेत.

मामांचा सुरुवातीला विरोध होता. “सर, हे सगळं फोनात भरत बसलो तर पाना कवा धरायचा?” असं ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आणखी एक भीती होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला कळत होती. काम कधी सुरू झालं, कधी संपलं, याची वेळ फोन आपोआप टिपतो. उद्या त्यावरून पगार कापणार काय? मी मालकांशी बोललो. या वेळा हजेरीला किंवा पगाराला कधीही जोडायच्या नाहीत, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत मोलाचा निर्णय तोच. माणूस घाबरला की नोंद खोटी होते. दहा मिनिटांचं काम तो पाऊण तास दाखवतो, न केलेली सफाई केली म्हणतो. तसल्या नोंदींवर कितीही भारी सॉफ्टवेअर बसवा, उपयोग शून्य.

टायपिंगही आम्ही जवळजवळ काढूनच टाकलं. कोड स्कॅन करायचा, फोटो काढायचा, चार-पाच बटणांतलं एक दाबायचं. जास्त काही असेल तर बोलून ठेवायचं. अण्णा कन्नडात बोलतात, मामा मराठीत, एसीचा मेकॅनिक त्याच्या हिंदीत. संध्याकाळी मी ऐकून दोन ओळी लिहितो. बेळगावात सगळी कामं अशीच तीन भाषांत चालतात, त्यात कुणाला काही अडचण वाटली नाही.

आता मीटर. दुकानांचे, बँकेचे, ऑफिसचे हेस्कॉमचे मीटर वेगळे आहेत. आमच्या हातात असतो तो कॉमन मीटर. लिफ्ट, पंप, पार्किंग, जिने, बाहेरचे दिवे. महिन्याला एक आकडा येणार आणि त्यातून काहीच कळणार नाही. म्हणून कॉमन पॅनलच्या आत प्रत्येक फीडरला, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक वीजलाइनला, छोटे डिजिटल मीटर बसवले आणि दर पंधरा मिनिटांचं रीडिंग सॉफ्टवेअरमध्ये जाईल अशी सोय केली. वरच्या मजल्यांच्या एसी पॅनललाही, भाडेकरूंच्या संमतीने, तसंच केलं. यावरचा खर्च सॉफ्टवेअरच्या वर्गणीच्या तोडीस तोड गेला. तरी तो करायलाच हवा. मीटर नसलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फक्त तक्रारींची वही, जरा नीटनेटकी.

या मीटरांमधून पहिली मोठी गोष्ट सापडली ती पाण्याची. रात्रीचा आलेख बघत होतो. इमारत रिकामी, लिफ्ट थांबलेली, तरी मध्यरात्रीनंतर एक भार चढायचा आणि पहाटेपर्यंत तसाच सपाट राहायचा. रविवारीही. फीडर पंपाचा होता. अण्णा म्हणाले, “टाकी तर रोज फुल असत्ये सर, पंपाला काय प्रॉब्लेम नाही.” टाकी रोज भरलेली असते, हीच तर शंका घेण्यासारखी गोष्ट होती. एका रात्री आम्ही थांबलो. तळघरातल्या पॅनलवर ऑटो-मॅन्युअलचा खटका मॅन्युअलवर होता आणि हलू नये म्हणून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. टेपवर इतकी धूळ की रंग ओळखू येईना. कधीतरी पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर बिघडला असणार, आधीच्या ठेकेदाराच्या माणसाने खटका मॅन्युअलवर टाकून पंप टायमरवर सोडला आणि पुढे ते तसंच राहिलं. टाकी भरली तरी टायमर संपेपर्यंत पंप चालू.

मग पाणी जात कुठे होतं? गच्चीवर चढलो. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप गच्चीवर न सोडता सरळ पावसाच्या पाण्याच्या पाइपात जोडलेला होता. वरून थेंब पडताना दिसत नाही, गच्ची कोरडी, आणि पाणी भिंतीच्या आतून थेट गटारीत. अण्णांनी पाइपाला कान लावला आणि मला खुणेने बोलावलं. आत धार चालू होती.

पंप पाच अश्वशक्तीचा, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. रात्री चार तास फुकट चालला तर पंधरा युनिट. वर्षाला पाच हजारांवर. आणि ते पाणी! मे महिन्यात राकसकोप जलाशयाची पातळी किती खाली गेली, हिडकल धरणाचं पाणी कधी येणार, याच्यावर सगळं शहर बोलत असतं, टँकरच्या वेळा पाळत असतं. त्याच दिवसांत आमच्या इमारतीतून रात्रभर बोअरचं पाणी उपसून गटारीला लागत होतं. मला त्या विजेपेक्षा या पाण्याचं जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला, टेप काढली आणि ओव्हरफ्लोचा पाइप तोडून वॉचमनच्या केबिनसमोर, सगळ्यांना दिसेल असा बाहेर काढला. पाणी वाया गेलं तर ते दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये एक नियमही टाकला. मध्यरात्री ते पहाटे पंपाचा फीडर ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला, तर मला आणि अण्णांना मेसेज.

दुसरी गोष्ट एसीच्या गॅसची, आणि ती जास्त गंभीर आहे. ‘गॅस भरला’ ही पावती इतकी नेहमीची झालेली, की तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. जुन्या पावत्या आम्ही एकेका यंत्राच्या नावावर चढवल्या, तेव्हा दिसलं की बहुतेक एसींना कधीच गॅस लागलेला नाही. मोजक्या दोन-तीन यंत्रांनाच दर उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा भरला जातोय. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, “सीझन में गॅस थोडा कम होताच है सर.” हा समज सगळीकडे आहे आणि तो साफ चुकीचा आहे. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

आणि गळलेला गॅस जातो कुठे? हवेत. आमचे जुने एसी आर-२२ नावाच्या गॅसवर चालणारे. एक किलो आर-२२ हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. केंद्रीय वीज प्राधिकरण देशातल्या विजेमागच्या कार्बनचा आकडा काढतं, तो अलीकडे एका युनिटला साधारण ०.७ किलो आहे. म्हणजे एक किलो गॅस उडाला, की अडीच हजार युनिट वीज जाळल्याइतकं नुकसान. नवीन एसींतला आर-४१० ए या बाबतीत आर-२२ पेक्षा काही बरा नाही. आर-३२ चा आकडा ६७५ च्या आसपास, म्हणजे पुष्कळ कमी. दिवे बंद करा म्हणून आपण पाट्या लावतो, पण या गॅसबद्दल कुठल्याही जिन्यात पाटी दिसत नाही.

आम्ही त्या दोन-तीन यंत्रांची नळी अन् नळी तपासली. साबणाचं पाणी घेऊन ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं आणि थांबायचं. दुसऱ्या मजल्याच्या मागच्या बाजूच्या युनिटला फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या नटपाशी, अगदी मोहरीएवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला. नट काढून बघितलं तर नळीच्या तोंडाला बारीक चीर. इतकी वर्षं तिथूनच गॅस जात होता आणि इतकी वर्षं आम्ही तो विकत घेऊन भरत होतो. आता सॉफ्टवेअरमध्ये गॅस भरण्याचं काम गळतीच्या जागेचा फोटो जोडल्याशिवाय बंदच होत नाही. किती ग्रॅम भरला, तो वजनकाट्याचा फोटोही लागतो. मेकॅनिकला आधी जाच वाटला. नंतर त्यानेच सांगितलं, की आता दुसऱ्या गिऱ्हाइकांकडेही तो आधी गळती शोधतो, कारण त्याच्या फेऱ्या वाचतात. आर-२२ सारखे गॅस आपल्या देशात २०३० पर्यंत जवळजवळ बंद व्हायचे आहेत, त्यामुळे जुने एसी एकेक करून बदलावे लागतीलच. कुठला आधी, ते आता ही यादीच सांगते.

तक्रारींचंही असंच. दुसऱ्या मजल्यावर एकाच हॉलमधून ‘फार गार’ आणि ‘गारच होत नाही’ अशा दोन्ही तक्रारी यायच्या. वहीत त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अक्षरांत. सॉफ्टवेअरमधल्या नकाशावर ठिपके पडले तेव्हा कळलं की एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ओळखणारं उपकरण, झेरॉक्स मशीनच्या डोक्यावर आहे. मशीन तापलं की एसीला वाटायचं हॉल तापला. थर्मोस्टॅट सहा फूट सरकवला आणि दोन्ही तक्रारी थांबल्या. मग तापमान २४ वर ठेवायचं ठरलं. नव्या स्टारवाल्या एसीत कारखान्यातूनच २४ येतं, तो नियम जानेवारी २०२० पासून आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. अठरावर लावून वर स्वेटर घालून बसणारी माणसं मी याच इमारतीत पाहिली आहेत.

आणि मुळात बेळगावला किती एसी लागतो? मार्च, एप्रिल, फार तर मेचे पहिले आठवडे. एकदा वळीव बरसला की सकाळी खिडक्या उघडल्या तरी भागतं. पण एसीची वेळ वर्षभर एकच, सकाळी साडेआठ ते रात्री आठ. आता ही वेळ महिन्यावार बदलते. जूनपासून सकाळचे दोन तास फक्त पंखे आणि एक्झॉस्ट. फिल्टरची सफाईही दर तिमाहीला अशी ठेवली नाही. खानापूर रोडची धूळ आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीची बारीक वाळू उन्हाळ्यात सगळ्यात जास्त येते, म्हणून फेब्रुवारी ते मे सफाई लवकर लवकर, पावसाळ्यात उशिरा. एसी किती तास चालला त्यावर सॉफ्टवेअर तारीख काढतं.

जनरेटरचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, लाइट जाते, जनरेटर लागतोच. लिटरमागे किती युनिट निघाले ते आम्ही लिहायला लागलो आणि आमचा जनरेटर गरजेपेक्षा बराच मोठा आहे हे उघड झालं. अर्ध्याहून कमी भारावर तो डिझेल जास्त खातो आणि धूरही जास्त सोडतो. एक लिटर डिझेल म्हणजे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. नवा घेताना लहान घेऊ. ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या भंगारवाल्याला देणं बंद केलं. २०२२ मध्ये ई-कचरा आणि बॅटऱ्यांचे नवे नियम जाहीर झाले, नोंदणी असलेल्याकडूनच पावती घेतो आणि ती सॉफ्टवेअरला जोडतो.

प्रश्नावलीचं पहिलं उत्तर गोळा करायला आमचे बरेच दिवस गेले होते. आता वरच्या मजल्यांचा अहवाल एका दुपारी तयार होतो, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे फोटो किंवा पावती आहे. भाडेकरूंच्या लेखापरीक्षकांना तेच हवं असतं.

मालकांच्या मनात सुरुवातीपासून गच्चीवर सोलर होतं. शेजारच्या इमारतीने बसवलं, आपणही बसवू. मी त्यांना म्हटलं, “काका, थोडं थांबा, आधी गळती बंद करूया.” ते थांबले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आधी बसवलं असतं तर फुकट चाललेल्या पंपासाठी आणि अठरावर लावलेल्या एसीसाठी पॅनल विकत घेतले असते. आता कॉमन मीटरची खरी गरज किती, दिवसा किती, रात्री किती, ते समोर आहे. त्या हिशेबाने आधी ठरवलेल्यापेक्षा लहान सोलर पुरतं. त्याची कोटेशनं मागवली आहेत.

पुढचं काम याच मालकांच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपचं. तिथे मोठी गळती हवेची असणार, असा माझा अंदाज आहे. कॉम्प्रेसरच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एखादं भोक असलं, तरी त्यावर तीन-साडेतीन किलोवॅट सतत खर्च होत राहतात. तिथे यादीला हात लावण्याआधी एका रविवारी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करणार आहोत. कुणी हवा वापरत नसताना तो किती वेळा भार घेतो, म्हणजे पुन्हा हवा भरायला लागतो, ते घड्याळ लावून बघायचं. मामांनी साबणाच्या पाण्याची बादली आणि ब्रश आत्तापासूनच बाजूला काढून ठेवलाय.